चेतीकर, नांदेड

आमच्या घरात भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला होता. माझ्या वडलांच्या, अप्पांच्या खाटेपासून तो निघायचा, मधल्या दाराच्या चौकटीवर थांबायचा, पलीकडं पुन्हा सुरू व्हायचा आणि मोरीपाशी संपायचा. अंगावरून वारं गेल्यापासून अप्पा भिंतीला तळहात घासत चालायचे, त्या हाताचा तो मळ. भिंत संपली की अप्पांचं चालणं संपलं. शेजारीण म्हणायची, चुन्याचा एक हात मार, जाईल. मी म्हणायचे, पट्टा राहू दे, माणूस बाहेर पडू दे.

वारं हलकंच होतं. जीभ लवकर सुटली, उजवा हात शाबूत राहिला, डावा पाय तेवढा ओढत यायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळ्याच्या आत हे घराबाहेर चालले पाहिजेत, नाहीतर पाय आखडेल आणि मग खाट सुटायची नाही. रोज उभं राहून डाव्या पायाची टाच उचलायची, आणि काठी घेऊन रस्त्यावर चालायचं, एवढंच त्यांचं औषध. अप्पा टाच उचलत नव्हते आणि काठीला हात लावत नव्हते.

मी काठ्या आणून थकले. दवाखान्यातली रबरी टोपणाची आणली, तिच्यावर त्यांनी पंचा वाळत घातला. जत्रेतून नागाच्या फण्याची रंगीत आणली, तिनं ते ओसरीवरची कुत्री हाकलायचे, तेही बसल्या जागेवरून. मी चिडले की एकच वाक्य ठरलेलं.

"तोलाराच्या हातात दांडी असती, माय. काठी नसती."

अप्पा लातूरच्या आडत बाजारात तोलार होते. शेतकऱ्यानं तूर आणली, हरभरा आणला की आडत्याच्या दारात तो तोलायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे तोलाराचं काम. तोलार ना शेतकऱ्याचा, ना आडत्याचा. अप्पा प्रत्येक पोत्याला आकडा पुकारून शेवटी "बरोब्बर!" अशी लांब हाळी द्यायचे, आणि ती दिली की कुणी दुसऱ्यांदा तोलायला सांगत नसे. बाजारात दांडी मारणारे तोलार काही कमी नव्हते. अंगठ्याचा एक दाब दिला की किलो-दीड किलो इकडचं तिकडं. अप्पांवर मात्र बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही. पुढं लोखंडी काटे आले. तेव्हा त्यांनी तराजूची पारडी मोडीत दिली आणि दांडी घरी आणली. शिसवाची, पुरुषभर लांब, मधोमध लोखंडी कडी. ती दारावर दोन खुंट्यांवर आडवी असायची. सकाळी लिंगपूजा झाली की बोटाला उरलेली विभूती अप्पा दांडीला लावायचे. आजारपणानंतर त्यांचा हात तिथवर पोचेना, म्हणून ते मला लावायला लावायचे. मीही मुकाट्यानं लावायचे.

मी कलेक्टर कचेरीत कारकून होते. लातूर जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादेहून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या आणि त्यांना ठेवायला कपाटं नव्हती. कपाटं आली तेव्हा बसायला खुर्च्या नव्हत्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्यात दुष्काळ. मला टंचाईच्या टेबलावर बसवलेलं. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाला नाही, कुणी सरपंच दारात बसून राहिलाय, हे सगळं माझ्या डोक्यावर. रजा मागितली की साहेब एकच म्हणायचे, "बाई, दुष्काळात दांडी मारायची नसते."

त्या उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी घरी आले तर अप्पा चक्क उंबऱ्यात बसलेले, आणि बाहेर ओट्यावर एक अनोळखी म्हातारा. खांद्यावर गठ्ठा घेऊन पंचे-लुंग्या विकत फिरणारा, नांदेडकडचा. मूळ तेलंगणातली विणकर माणसं ही. पिढ्या झाल्या नांदेडला येऊन, पण घरात अजून तेलुगूच बोलतात. दुपारी पाणी मागायला थांबला तो अप्पांनी त्याला बसवून घेतला होता. दोघांच्या दख्खनी उर्दूत, मोठमोठ्या आवाजात गप्पा रंगल्या होत्या, आणि अप्पांच्या हातात त्याची काठी होती.

काठी मी पाहिली ती अशी. खालचा दांडा साधाच, पण मुठीच्या जागी एक धोटा आडवा बसवलेला. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतं ते, लहानशा नावेसारखं लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी ठेवायला पोकळ जागा असते. तिला कुणीतरी सरकतं झाकण बसवलं होतं. आत सुपारीचं खांड, दोन लवंगा, कान कोरायची काडी. अप्पा झाकण उघडत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. चार महिन्यांत त्यांचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अशी असली तर धरीन," अप्पा म्हणाले.

मला ते पुरेसं होतं. म्हातारा गठ्ठा उचलून निघाला, त्याची गाडी होती. मी मागं धावले. "बाबा, ही काठी केली कुणी?" तो ऐकायला कमी. मी काठीकडं बोट दाखवून ओरडले. त्यानं काठी माझ्या नाकासमोर धरली आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडला, "चेतिकर्र! नांदेड!" आणि गेला.

मी पर्समधल्या टँकरच्या चिठ्ठीमागं लिहून घेतलं: चेतीकर, नांदेड. घरात येऊन अप्पांना वाचून दाखवलं. अप्पा काहीतरी बोलायला गेले आणि म्हाताऱ्यानं दिलेली सुपारी चघळत राहिले. मी विचारलं, आणखी काय म्हणाला तो? तर म्हणे, "त्याचं बोलणं मला काय कळतंय." अर्धा जन्म हैदराबादी व्यापाऱ्यांशी दख्खनीत भांडलेला माणूस हा. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मला घाई.

दुसऱ्या दिवशी कचेरीत विचारलं. आमचे अव्वल कारकून सर्वज्ञ होते, उंटावरचे शहाणे. त्यांनी चष्मा वर केला. "हे बघा, आडनावात 'कर' आलं की गाव आलं. चेतीकर म्हणजे चेतीचे. चेती हदगावकडं कुठंतरी असणार, तिकडं अशी नावं लई." त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की मी कार्डावर 'श्री. चेतीकर, काठीवाले, नांदेड' असा पत्ता घालून विनंतीपत्र लिहिलं. काठी कशी पाहिजे याचं चित्रसुद्धा काढलं. पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं, वर तांबड्या शाईत 'पत्ता अपुरा'. चित्राखाली कुणीतरी पोस्टातल्या माणसानं पेन्सिलीनं 'छान' लिहिलं होतं.

मग शिपायानं सांगितलं की मुरुडच्या बाजारात एक काठीवाला बसतो, तऱ्हेतऱ्हेच्या काठ्या असतात त्याच्याकडं, तोच तुमचा चेतीकर असंल. मुरुड जवळच. रविवारी गेले. बाजारात पहिल्याच दुकानदाराला विचारलं, "खास काठ्या करणारे कुठं भेटतील?" तर त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्या हिरीला पाणी लागंना का?" मी म्हटलं, हिरीचं काय, मला काठी पाहिजे. तो म्हणाला, "हाव हाव, समजलं," आणि मला थेट एका पाणाड्याच्या घरी नेऊन सोडलं. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. दुष्काळात काठी मागणाऱ्या बाईला दुसरं काय पाहिजे असणार! तो उंबराची दुबेळकी फांदी मांडीवर घेऊन बसलेला. आधी त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं, मग शेताची दिशा विचारली.

"मला शेत नाही," मी म्हटलं. "काठी पाहिजे."

"काठी मी कुणाला देत न्हाई," तो म्हणाला. "तिला पाणी जसं कळतं, तसा माणूसबी कळतो."

माझा पारा चढला आणि तोंडून निघून गेलं की मी कलेक्टर कचेरीत आहे, टंचाईच्या टेबलावर. घोडचूक! पाच मिनिटांत अंगणात माणसं जमली. आमच्या वस्तीला टँकर न्हाई, आमच्याकडं येतो तो अर्धाच भरलेला. पाणाड्यानंच पहिला अर्ज दिला. त्याच्या स्वतःच्या हिरीला पाणी नव्हतं. संध्याकाळी घरी आले ते पर्समध्ये अर्ज कोंबून, काठीचं नाव नाही.

"भेटला का चेतीकर?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"जाऊ दे मग," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी कसली जाऊ देते! एक रजा भांडून घेतली आणि नांदेड गाठलं. मोठ्या पोस्टात म्हातारा पोस्टमन होता, सगळं गाव पायाखालचं. "कंधारकर हायेत, देगलूरकर हायेत, मुखेडकर तर लई. चेतीकर न्हाई." सुतारांकडं गेले, त्यांनी खाटेचे पाय दाखवले. काठ्यांच्या दुकानांत गेले. सिंहाच्या तोंडाची, पोटात पातं लपवलेली, एक तर मुठीत होकायंत्र बसवलेली. दुकानदार म्हणाला, "घ्या बाई, म्हातारा हरवणार न्हाई." माझा म्हातारा मोरीच्या पुढं जात नाही, त्याला होकायंत्र कशाला? विणकरांच्या गल्लीत जाऊन विचारावं हे मला सुचलं नाही. का सुचलं नाही म्हणाल तर मी एका माणसाला शोधत होते, आणि तो माणूस माझ्या डोक्यात चांगला मराठी, टोपी घातलेला, हदगावकडचा होता. अव्वल कारकुनांनी तो तिथं बसवला होता.

तशीच दुपारची गाडी धरून हदगावला गेले. कापसाच्या पळाट्या वावरात उभ्याच वाळलेल्या, रस्त्याला चिटपाखरू नाही. स्टँडवर, हॉटेलात, कचेरीत, जिथं माणूस दिसला तिथं विचारलं, चेती कुठं आहे? तहसिलीतल्या एकानं भला माणूस म्हणून नकाशा काढला. दोघांनी मिळून बोटानं सगळा तालुका चाळला.

"न्हाई बाई, चेती नावाचं गावच न्हाई," तो म्हणाला. "पण एवढ्या उन्हात तुम्ही हे काय करून राहिल्या? काठी तर बाभळीचीबी होते."

लातूरची शेवटची गाडी चुकली होती. नांदेडपर्यंतची तरी येईल म्हणून मी स्टँडच्या बाकावर बसले आणि रागानं रडले. दुःखानं नाही, रागानं. त्या चेतीकराचा राग, अव्वल कारकुनांचा राग, आणि सगळ्यात जास्त अप्पांचा. बाभळीची काठी सगळ्या जगाला चालते, यांना का चालत नाही?

घरी परतले तेव्हा शेजारणीनं सांगितलं की मी नसताना अप्पा मोरीलासुद्धा कमी जातात, भांडं मागतात. मी भिंतीकडं पाहिलं. पट्टा पुसट झाला होता. डॉक्टर येऊन पाय वाकवून पाहून गेले आणि म्हणाले, "आखडायला लागलाय. मी सांगितलं होतं." मृग जवळ येत होता. पावसाची वाट सगळं गाव बघत होतं, मी एकटी त्याला भीत होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांनीच मला धाडलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, तिथल्या कामावरचे टँकर आम्हाला उसने मिळतील का म्हणून पत्र घेऊन जायचं होतं. पत्र दिलं. तिथल्या साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि कळवतो म्हणाले. म्हणजे नाही. मी बाहेर येऊन एका पालाच्या सावलीत उभी राहिले. पालात एक म्हातारी बसलेली, शेजारी तिची सून भाकरी थापत होती. मातीकामाला आलेली तेलंगणातली माणसं. म्हातारी इकडं तिकडं चाचपत होती आणि अचानक ओरडली, "ना चेतिकर्र एक्कड?"

मी पालात घुसलेच. "कुठंय? चेतीकर कुठंय? ओळखता तुम्ही त्यांना?"

सून घाबरून उठली. तिनं पालाच्या मागून एक वेळूची काठी आणली आणि मला दिली. मी म्हटलं, काठी नको, चेतीकर पाहिजेत. तिनं काठी माझ्या मुठीत घट्ट दाबली आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाली, "हे चेतिकर्र. चेती म्हंजे हात. कर्र म्हंजे काठी. हातातली काठी. तुमाला पायजे का? म्हातारीला एकच हाय."

म्हातारी माझ्याकडं हात पसरून बसली होती. मी काठी तिला दिली आणि तिथंच मातीत बसकण मारली. मुरुड, पोस्ट, हदगाव, नकाशा. महिनाभर मी एका काठीला श्रीयुत म्हणत होते.

हसावं असं काही त्या वेळी वाटलं नाही. सरळ उठले, नांदेडात आले आणि विणकरांची गल्ली विचारली. एका प्रश्नात मिळाली. गल्लीत मागांचा खटखटाट फार नव्हता. सूत महाग, गिऱ्हाईक नाही. कोपऱ्यावर माग दुरुस्त करणाऱ्या सुताराचं घर, आणि त्याच्या ओट्यावर धोट्याच्या मुठीची काठी मांडीवर घेऊन तोच म्हातारा. मला पाहून त्यानं झाकण उघडून लवंग पुढं केली.

मी सुताराला म्हटलं, "अशीच एक करून द्या. आज द्या."

सुतार मराठी चांगलं बोलायचा. "अशी विकायला होत नाही बाई. ही माझी रीत आहे. ज्याचा माग थांबतो त्याच्याच धोट्याची काठी करतो मी. दुसऱ्याच्या धोट्याची काठी हातात बसत नाही. तुमच्या वडलांचं हत्यार कोणतं?"

मी काही बोलायच्या आत म्हातारा पुढं सरकला. ऐकायला येत नसलं तरी मी कोण हे त्याला आठवलं होतं. "लातूरवाले तोलार?" तो म्हणाला. "उनकू बोल्या ना मैं. दरवाजे पे दांडी है, वो लेको आव, चेतिकर्र बन जाती. बोल्या उनकू."

"काय बोलला तुम्ही?"

सुतारानं समजावून सांगितलं. "हे म्हणतात, तुमच्या वडलांना त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. दांडी घेऊन या म्हणून. आणि बाई, माणूससुद्धा आणा. माप मी उभ्या माणसाचं घेतो, निरोपाचं नाही."

नांदेड ते लातूर गाडीत मी काय काय घोकलं ते लिहिण्यासारखं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ज्याच्या काखेत कळसा होता त्याला तो माहीत होता, आणि वळसे मी घालत होते.

घरी जाऊन चपला न काढताच खाटेपुढं उभी राहिले. "अप्पा, तुमाला म्हाईत होतं?"

अप्पांनी वर पाहिलं. "घावलं व्हय घर?"

"म्हाईत होतं का न्हाई?"

"हाव."

"मग मला वणवण का हिंडवलं?"

"तू चेतीकर लिहून घेतलंस तवाच वाटलं, आता ही लई लांब जाईल. म्हणलं, बरंच झालं. तुला घावायचं न्हाई आन् मला न्हाई म्हणायला लागायचं न्हाई." मग दांडीकडं बघून म्हणाले, "दांडी कापावी लागंल, माय. दांडी कापल्यावर मी तोलार ऱ्हायलो कुठं?"

मी दमले होते, उन्हात भाजले होते, पण ते काही कारण नव्हे. जे बोलले ते मी बोलले. "आता तरी कुठं हाव तुमी तोलार? मोरीपातूरचे तोलार."

अप्पा रात्री जेवले नाहीत. मीही नाही. आपण बापाला असं बोललो याची लाज वाटत होती आणि तरी राग उतरत नव्हता, दोन्ही एकदम.

सकाळी नळाला पाणी नव्हतंच. तांब्यातल्या पळीभर पाण्यात त्यांची पूजा झाली. मी नेहमीसारखी विभूती घेऊन दांडीपाशी गेले आणि हात वर केला.

"काढ खाली," अप्पा म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"काढ म्हणलं ना. पण कडी माझ्या तळहाताखाली आली पायजे. आन् शेवटाकडून एक बोटबी कमी व्हायला नको. निम्म्याला निम्मं. सांगून ठेव त्याला."

साहेबांकडं रजेचा अर्ज घेऊन गेले. "पुन्हा दांडी?" ते म्हणाले. "हो साहेब," मी म्हटलं, "दांडीच." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण सही केली.

गाडीत कंडक्टर म्हणाला, हे लाकूड टपावर टाका. अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं गेला. सगळा रस्ता त्यांनी दांडी गुडघ्यांत उभी धरली. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर एका बाजूला माझा खांदा, दुसऱ्या हातात पुरुषभर दांडी टेकत ते रिक्षापर्यंत चालत आले. लोक वळून बघत होते. ही काठीच झाली की अप्पा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

सुतारानं दांडी हातात घेतली, फिरवून पाहिली, कडीवर बोट टेकवून तोलून पाहिली. ती आडवी राहिली, जराही झुकली नाही. तो अप्पांना "शाबास" म्हणाला. मग त्यांना ओट्यासमोर उभं केलं. "बाई, तुम्ही सोडा त्यांना. हात खाली सोडा बाबा. सरळ." मी सोडलं. अप्पा उभे राहिले, हलत होते पण उभे. सुतारानं मनगटापासून जमिनीपर्यंत सुताचा धागा धरला, गाठ मारली आणि धागा कडीपासून खाली अर्ध्या दांडीवर लावला.

"दोन बोटं जास्ती आहे," तो म्हणाला. "शेवटाकडून काढावं लागेल."

अप्पा घाईनं म्हणाले, "माप चुकलंय. पुन्यांदा घ्या."

सुतार पुन्हा बसला. धागा मनगटाला लावला आणि खाली सोडला. मी त्या धाग्याकडंच बघत होते, म्हणून मला दिसलं. अप्पांची उजवी टाच हळूच जमिनीवरून उचलली गेली. लहान पोर फळीवरचा डबा काढायला चवड्यावर उभं राहतं तसे ते उंच होत होते. आणि मग डाव्या पायाची, डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं तरी न उचललेली, आखडत चाललेली टाच, तीही सुटली. अगदी बोटभर. थरथरत. तिच्याखालून जमीन दिसत होती.

सुताराला ते दिसत नव्हतं, त्याचं तोंड मनगटाकडं होतं. मी वाकून अप्पांच्या कानाशी म्हणाले, "अप्पा, दांडी मारू नका."

अप्पांनी मान वळवली नाही. ओठ न हलवता म्हणाले, "जलमभर न्हाई मारली, माय. एकदा मारू दे."

सुतारानं धाग्याला गाठ मारायच्या आधी वर माझ्याकडं पाहिलं. "बाई, बघा हो जरा. सरळ उभे आहेत ना? आलं का माप बरोबर?"

मी त्या टाचेकडं एकदा बघून घेतलं आणि बाजारात अप्पा द्यायचे तशी लांब हाळी दिली.

"बरोब्बर!"